रेझिनचा बोर्ड आणि आपलं मंडळ

"उकळतं ठेवू नका, सुरी चालवू नका, डिशवॉशरमध्ये घालू नका. बाकी मग त्याच्यावर वाट्टेल ते खा."

खाणं मांडायचा आपल्या हातचा रेझिनचा बोर्ड कुणाला देताना बाई हे बजावायच्या, आणि बोलता बोलता त्यावरून तळहात फिरवायच्या.

इथं इंग्लंडात, स्लाऊमध्ये, माझ्या घरापासून चार दारं सोडून त्या राहत. मूळ नागपूरच्या, इथल्या हॉस्पिटलातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. गॅरेजमध्ये मास्क लावून अक्रोडाच्या दोन फळ्यांमध्ये काचेसारखं घट्ट होणारं निळं रेझिन ओतायच्या आणि ते पुरतं पक्कं होईपर्यंत कुणाला बोट लावू देत नसत. "घाई केली तर चिकट राहते, भाऊ. चिकट राहिलं त्याच्यावर खायचं नसते."

शेजारच्या गोऱ्या म्हाताऱ्यानं बोर्ड डिशवॉशरमध्ये घातला आणि वाकडा झालेला परत आणला. "आता ह्याच्यावर कुंडी ठेव," असं त्याला इंग्रजीत सुनावून बाईंनी दार लावलं. आठवड्यानं त्याच्या पायरीवर नवा बोर्ड होता.

आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळीला त्या पहिल्यांदा आल्या त्या एका मोठ्या बोर्डावर अळूवड्या मांडून. तुमच्यापैकी बरेच जण तिथं होतात. स्वागताला मी होतो. मी आडनाव विचारलं. त्यांनी सांगितलं आणि वर "जय भीम" म्हणाल्या. मी "नमस्कार" म्हणालो.

जेवणाच्या टेबलाशी एकानं वडीकडे हात नेला तेव्हा मी हळूच म्हणालो, "जपून. त्यात केमिकल असतं." एवढं पुरलं. शब्द टेबलभर फिरला. बाईंना तो ऐकू गेला. त्यांनी खुर्ची ओढली, बोर्डासमोर बसल्या आणि सगळ्यांदेखत सावकाश वड्या खाऊ लागल्या.

त्याच हिवाळ्यात ख्रिसमस मार्केटमध्ये एका गोऱ्याकडून आपण तसलाच बोर्ड घेतला. नववर्षाच्या पार्टीत त्यावर चीज मांडलं. केमिकलची आठवण कुणालाही झाली नाही.

पुढच्या दिवाळीला बाई आणखी मोठा बोर्ड घेऊन आल्या. त्याच्या पुढच्याही. एकदा मी म्हणालो, "कशाला एवढा त्रास घेता?"

"त्रास कुठं? खाऊन तर मीच राहिले ना."

मग एका रविवारी मी त्यांच्या गॅरेजपाशी गेलो. त्या फडक्यानं लाकडाला तेल चोळत होत्या.

"माझं चुकलं, बाई."

"काय चुकलं?"

"केमिकल म्हणालो ते."

"तुम्हाला केमिकल नव्हतं म्हणायचं. काय म्हणायचं होतं?"

मी तेलाच्या बाटलीचं झाकण लावू लागलो.

"जमेल तेव्हा सांगा. अन् इथं नाही. जिथं बोलले, तिथं बोला." त्यांनी बोर्ड उलटा केला आणि दुसऱ्या बाजूला तेल लावायला घेतलं.

त्या असेतोवर मला ते जमलं नाही. या वसंतात बाई गेल्या. आता स्मरणिकेच्या संपादकांना माझ्याकडून त्यांची एक गोड आठवण हवी आहे. "केमिकलचं राहू द्या, काका," ते म्हणाले. "लोकांना वाईट वाटेल."

वाटू द्या. रेझिनमध्ये काही नव्हतं. आडनाव ऐकलं आणि मला त्यांच्या हातचं नको झालं. तुम्ही माझं ऐकलंत, कारण तुम्हालाही तेच सोयीचं होतं. यातली एकही ओळ गाळली, तर मी दिवाळीला हॉलमध्ये उभा राहून सगळं वाचणार आहे.

अंत्यविधीनंतर बाईंच्या घरी सगळं खाणं त्यांच्याच बोर्डांवर मांडलं होतं. मंडळातून मी एकटा गेलो होतो. मी टेबलाशी उभा राहिलेला पाहून त्यांची लेक जवळ आली.

"घ्या ना, काका. बोर्ड सेफ आहे, खरंच."

"माहीत आहे मला," मी म्हणालो. "तेव्हाही माहीत होतं."