चुना आणि चार दाणे

"पोत्यावर काय छापलंय ते नका सांगू, चार दाणे हातावर द्या," असं कोंडाजी एकदा मालेगावच्या दुकानदाराला म्हणाले होते. मग कमरेची डबी काढून, तंबाखू मळावी तसे त्यांनी डीएपी खताचे दाणे चुन्यात मळले, हुंगले, आणि रिकाम्या हाती देवळ्याला परतले. खत खरं असलं की चुन्याशी मळताच नाकात झणका बसतो. तो बसला नव्हता.

तेव्हापासून पंचक्रोशी त्यांना विचारून खत घेऊ लागली. शेतकऱ्यांनी स्वतःची खत कंपनी काढली तेव्हा लोकांनी शेअरही त्याच भरवशावर घेतले. माल कोंडाजी तपासणार होते.

दोन वर्षांपूर्वी ताप आला आणि त्यांना वास येईनासा झाला. साठवणीच्या चाळीतला कांदा सडला तरी कळेना. हे ठाऊक होतं एकट्या लताबाईला, त्यांच्या बायकोला.

"सांगून टाका लोकांना."

"येईल परत," ते म्हणायचे.

गेल्या खरिपात गावातल्याच कुसाबाईनं मक्यासाठी दुकानातून आणलेलं पोतं त्यांनी दाण्याच्या रंगावरच चांगलं ठरवलं. मका गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडला. पावसानं घात केला, असं कुसाबाई म्हणत राहिली. कोंडाजी ऐकत राहिले.

आज कंपनीची पहिली पोती तीन ट्रकांत भरून शेडबाहेर उभी होती. माल बाहेरून आणलेला, पोत्यांवर नाव कंपनीचं. कांद्याच्या लागणी खोळंबलेल्या. आत दोनशे सभासद.

"कोंडाजीअण्णा, कागद सगळे बरोबर आहेत," अध्यक्ष उपेंद्र देवरे म्हणाले. "तुम्ही हो म्हणा, ट्रक सोडतो."

"मळा अण्णा, पण खाऊ नका," मागून कुणीतरी बोललं. लोक हसले.

स्टेजवर कोंडाजींचा अंगठा चुन्यातल्या दाण्यांवर फिरत राहिला. नेहमीपेक्षा जास्त वेळ. तळहात नाकाशी नेला. काही नाही. सकाळी लताबाईच्या फोडणीलाही असंच काही नव्हतं. माल खोटा असेल, सोन्यासारखाही असेल. हसणं थांबलं होतं. एक 'हो' पुरला असता. तो ओठांपर्यंत आलाही होता.

ते स्टेजवरून उतरले आणि पहिल्या रांगेत बसलेल्या कुसाबाईपुढे तळहात धरला.

"बघ बरं."

"मला काय कळतंय त्यातलं?" म्हणत ती वाकली. हुंगलं. त्यांचं मनगट धरून पुन्हा हुंगलं. "चुन्याचाच वास येतोय, भाऊ. दुसरं काय नाय."

उपेंद्र उठून दाराशी गेले आणि ड्रायव्हरांना खाली उतरायची खूण केली. शेडमध्ये गलका उसळला.

कुसाबाईनं मनगट सोडलं नव्हतं.

"पण मला कशाला विचारलंत?" ती हळू आवाजात म्हणाली. मग तिची बोटं सैल पडली. "भाऊ, माझ्या मक्याच्या पोत्याला तरी झणका होता ना?"

कोंडाजींनी तिच्याकडे पाहिलं. हातातली चुन्याची डबी तिच्या मांडीवर ठेवली. मग खुर्च्यांमधून वाट काढत, तिन्ही ट्रकांना वळसा घालून, ते रस्त्याला लागले.