बाळ नसलेली बाळंतीण

हॉस्पिटलमधून घरी आल्यावर मी ऑफिसात फोन करून सांगितलं, "बायकोचं मिसकॅरेज झालं." डॉक्टर ‘स्टिलबर्थ’ म्हणाले होते. पण एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत तो शब्द काढला असता तर पुढचं सगळं समजावून सांगावं लागलं असतं, आणि माझ्यात ते बळ नव्हतं. मिसकॅरेज म्हटलं की माणसं "होतं रे, काळजी घे" म्हणतात आणि फोन ठेवतात. मग चुलतभावाला, शेजाऱ्यांना, सगळ्यांना मी तेच सांगत राहिलो.

पालेगावातल्या एक मावशी बाळंतिणींची मालिश करतात. सातव्या महिन्यातच त्यांना सांगून ठेवलं होतं. त्यांचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, "ती माहेरी गेलीय." बाळ नाही तर मालिश कसली, असं मला वाटलं.

दोन दिवसांनी बायकोला दूध आलं. तिने गाऊन बदलला, तोही भिजला. कंबर धरून ती स्वयंपाकघराच्या दारात आली. मी कुकर लावत होतो.

"मावशी कधीपासून येणारेत?"

"नको म्हटलं त्यांना."

"का?"

मी कुकरचं झाकण लावलं.

"फोनवर मिसकॅरेज मिसकॅरेज करतोस, ऐकतेय मी. नववा लागला होता. रात्रभर कळा दिल्यात. बाळंत झालेय मी, कळलं?"

ती रडत नव्हती. तेवढीही ताकद उरली नसावी. मी तिच्यासमोरच मावशींना फोन लावला.

"आली पण माहेराहून? करमेना वाटतं तुला!" मावशी हसल्या.

"ती इथेच होती, मावशी. मी खोटं बोललो."

"अरे देवा. मग काय झालं, मुलगा की मुलगी?"

"मुलगी," मी म्हणालो. इतक्या दिवसांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. "मेलेली जन्मली."

मावशींनी हळू आवाजात विचारलं, "दूध आलंय तिला?"

"हो."

"उद्या येते. ओवा, बाळंतशेपा आणून ठेव. शेक द्यावा लागेल."

बायको आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. मी पिशवी घेऊन उतरलो.

पुडी बांधताना सिंधी दुकानदाराने सहज विचारलं, "घर में डिलिव्हरी हुई क्या, भाऊ?"

ऑफिसात अजून मिसकॅरेजच आहे. पण त्याला मी म्हणालो, "हां, हुई."