बिराजदार अण्णांचा जबडा

बिराजदार अण्णा सकाळी ड्यूटीवर आले की सगळ्यात आधी स्वतःच्या तोंडात बोटं घालायचे. उजव्या हाताची तीन बोटं जोडून, उभी करून, वरच्या आणि खालच्या दातांच्या मध्ये. तिन्ही मावली की मान डोलवायचे आणि माइकचं बटण दाबायचे. दोनच मावली तर काचेतून मला दोन बोटं दाखवायचे. त्या दिवशी त्यांना फार बोलायला लावायचं नाही आणि जेवणाच्या सुट्टीत आपल्या डब्यातलं मऊ काय असेल ते त्यांच्यापुढं सरकवायचं, हे आम्हाला न सांगता कळायचं. नवीन आलेला एखादा कंडक्टर हा प्रकार बघून मला हळूच विचारायचा, "साहेबांना काय झालंय हो?" मी सांगायची, "जबडा मोजतायत."

मी सोलापूरच्या स्टँडवर आरक्षणाच्या खिडकीत बसायची आणि शेजारच्या केबिनमध्ये अण्णा गाड्या पुकारायचे. मध्ये एक काच. त्यांचा आवाज भारदस्त वगैरे नव्हता, उलट जरा बारीकच. पण नातेपुते म्हणाले की चारी अक्षरं वेगवेगळी ऐकू यायची. अण्णा अक्कलकोटकडचे, घरात कन्नड, स्टँडवर मराठी, आणि दक्षिणेकडची गाडी असली की दोन्ही. मला ते 'तंगी' म्हणायचे, म्हणजे धाकटी बहीण.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात, ते चहाला गेले असताना, मी एक गाडी पुकारली होती. परत आल्यावर म्हणाले, "तंगी, टेंभुर्णी अशी गिळायची नाही. लोकांना उतरायचं असतं तिथं. निधान. निधान म्हणजे सावकाश. आणि तोंड उघड की जरा. तोंड दिसलं पाहिजे, आवाज नंतर."

मला हसू आलं होतं. कर्णा खांबावर, माणसं फलाटावर, तोंड कोण बघणार? पण ते पुकारताना खरोखरच प्रत्येक अक्षराला तोंड पूर्ण उघडायचे, समोर कुणी बसलंय आणि त्याला दाखवायचंय असं.

दुखणं सुरू झालं ते आवाजापासून. घास चावताना त्यांच्या उजव्या कानापुढं 'कट्' असं वाजायचं. शेजारी बसलेल्याला ऐकू यायचं. पुढं ठणका लागला, कानात, कानशिलात, मानेपर्यंत. अण्णांनी दाढ समजून दाढ काढून घेतली. ठणका तसाच. मग तिच्या शेजारची काढली. मग कानात थेंब घातले. कुणी तेल चोळायला सांगितलं, कुणी लवंग धरायला. शेवटी अण्णा वैतागून म्हणाले, "आता मी कुठल्या डॉक्टरकडं जात नाही. द्यायला दाढाच राहिल्या नाहीत."

एके दिवशी दुपारी आम्ही डबे उघडले. अण्णांच्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, त्यांची आवडती. त्यांनी तुकडा मोडला, तोंडाजवळ नेला आणि तसेच थांबले. रोजचा तो 'कट्' आवाज त्या दिवशी आलाच नाही. तोंडच उघडलं नाही. एक बोट जाईल एवढी फट, त्यापलीकडं जबडा हलेना. अण्णांनी तुकडा डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि माझ्यापुढं गाड्यांचा कागद सरकवला.

त्या दुपारी मी पुकारलं. मला वाटलं, बरं जमलं. साडेचारच्या सुमाराला सांगोल्याकडचे एक म्हातारे, खांद्यावर घोंगडी, केबिनच्या दाराशी आले. त्यांच्या दोन गाड्या निघून गेल्या होत्या. पाट्या वाचता येत नव्हत्या, ते आवाजाच्या भरवशावर बसले होते. माझं बोलणं त्यांना समजलंच नव्हतं. ते अण्णांना म्हणाले, "तुमी बोललाच न्हाईत. मग मला गाडी कशी कळावी?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. अण्णांनी म्हाताऱ्यांचा हात धरला, पुढची गाडी लागेपर्यंत त्यांच्याजवळ फलाटावर उभे राहिले आणि त्यांना खिडकीशी बसवून आले.

अण्णा रजेवर गेले. डेपोच्या साहेबांनी समजुतीनंच सांगितलं होतं, दोन महिन्यांत बरं वाटलं नाही तर माइक दुसऱ्याकडं द्यावा लागेल, तुम्ही स्टोअरला बसा.

चार दिवसांनी माझ्या खिडकीशी एक बाई आल्या. हिरवं इरकल, कपाळावर विभूती. मी खाली बघून "कुठं जायचंय?" विचारलं. त्या म्हणाल्या, "माझ्याकडं बघून बोला. मला ऐकू येत नाही. मी बिराजदारांची गौरा."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. चौदा-पंधरा वर्षांपूर्वी तापाचं निमित्त होऊन वहिनींचे कान गेले होते. यंत्र लावून पाहिलं, उपयोग झाला नाही. तेव्हापासून त्या अण्णांच्या ओठांवरून बोलणं वाचायच्या, नीट जमायचं ते फक्त अण्णांचंच, बाकीच्यांचं सावकाश बोललं तर थोडंफार. मुलगा पुण्याला, तो घाईत बोलायचा, त्याचं निम्मं कळायचं नाही. घरात, बाजारात, नातेवाइकांत जो काय संवाद चालायचा तो अण्णांच्या तोंडातून. वहिनी सांगत होत्या, "तुमचा स्पीकर बंद पडला तर तुम्ही दुसरा लावाल. माझं घर चार दिवस बंद आहे हो. कागदावर लिहून दाखवतात. भाजी काय आणू, हे लिहितात. बाकीचं काय लिहिणार?"

तोंड दिसलं पाहिजे, हे अण्णा का म्हणायचे ते मला त्या खिडकीत समजलं.

मी माझ्या ओळखीच्या दातांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हे दातांचं नव्हे, सांध्याचं दिसतंय, आणि सात रस्ता चौकाजवळच्या एका डॉक्टर मॅडमचा पत्ता दिला. त्या जबड्याच्या सांध्याचंच बघायच्या. अण्णांना तयार करायला वहिनींना दोन दिवस लागले. तिघंही रिक्षानं गेलो.

मॅडम तरुण होत्या. त्यांनी अण्णांच्या दोन्ही कानांपुढं बोटं ठेवली आणि तोंड उघडायला सांगितलं. जेवढं उघडलं तेवढ्यात बॅटरी मारून बघितलं. दात सपाट झिजले होते. "काका, दात खाताय का? दाबून धरताय का?" अण्णांनी मान हलवली, नाही. मॅडमच्या ओठांवरून वहिनींना प्रश्न कळला नव्हता. त्यांनी मला विचारलं, मी सावकाश सांगितलं. तशा त्या पुढं सरकल्या.

"मी सांगू का? पेपर वाचताना ह्यांच्या कानशिलापाशी काहीतरी हलत असतं. रिक्षात पण हलत होतं. तोंड मिटलेलं, पण आत काहीतरी चालू असतं. मी बघते ना रोज."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "कधीपासून बघताय, काकू?"

मी प्रश्न सांगितल्यावर वहिनी म्हणाल्या, "कान गेल्यापासून."

मॅडम अण्णांकडं वळल्या. "आत्ता तोंड मिटलंय. दात एकमेकांना टेकलेत?"

अण्णा फटीतून पुटपुटले, "टेकणारच की. कुठं जातील?"

"सुटे राहिले पाहिजेत. ओठ मिटलेले, दात सुटे. चावताना, गिळताना टेकले तर टेकले. तुम्ही त्यांना दिवसभर कामाला लावलंय."

आजवर शर्ट उलटाच घालत आलायत असं पन्नाशी उलटल्यावर कुणी सांगावं, तसे अण्णा बसून राहिले. मॅडमनी चित्र काढून दाखवलं. सांध्यात एक छोटी चकती असते, ती पुढं सरकून अडकली होती. अण्णांनी विचारलं, "मग ते दोन दात?" मॅडम म्हणाल्या, "ते परत येणार नाहीत, काका. आणि हे दुखणंही पूर्ण जाईल असं मी सांगत नाही. पण तोंड उघडेल, आणि दुखणं आटोक्यात राहील."

मग सुरू झाला एक कंटाळवाणा, चिकाटीचा काळ. झोपताना दातांवर बसवायची पारदर्शक पट्टी. सकाळ-संध्याकाळ गरम पाण्याच्या टॉवेलचा शेक. जिभेचं टोक टाळ्याला लावून हळूहळू तोंड उघडायचं, दहा वेळा. रोज सकाळी तोंडात उभी बोटं घालून किती मावतात ते मोजायचं. सुपारी बंद. भाकरी आमटीत कुस्करून. आणि बोलताना तोंड फार मोठं उघडायचं नाही.

या शेवटच्या अटीनं घरात पंचाईत केली. अण्णा लहान तोंडानं बोलायला लागले आणि वहिनींना ते वाचता येईना. मी एकदा संध्याकाळी त्यांच्या घरी गेले तर दोघं पायरीवर समोरासमोर बसले होते. अण्णा आवाज न काढता गावांची नावं घेत होते आणि वहिनी ओळखत होत्या. मोडनिंब त्या लगेच ओळखायच्या, ओठ मिटतात म्हणून. अक्कलकोट मात्र जमेना. त्या नावात ओठ टेकतच नाहीत. चार वेळा सांगून झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "हे कुठलं गाव आणलंत मधेच?" अण्णा माझ्याकडं बघून म्हणाले, "तंगी, हिला हिचं माहेर दिसेना." दोघं हसले. हसताना अण्णांनी गाल धरला होता.

दीड बोट, दोन बोटं, असं करत सातव्या आठवड्यात तिसरं बोट कसंबसं शिरलं, तसे अण्णा माइकवर परत आले. दुखणं गेलं नाही. थंडीत उठायचं, जास्त गाड्यांच्या दिवशी उठायचं. मग ते दुपारी कानाला गरम टॉवेल लावून बसायचे. कुणी ड्रायव्हर वाहतुकीवर चिडून दात आवळून आला की त्याला म्हणायचे, "दात सुटे की रे. रस्ता काय दातांनी ओढायचा हाय?" मीही हिशोब चुकला की आता आधी दात सुटे करते. सवयच लागली.

अण्णा निवृत्त होऊन गावी गेले. पुढं स्टँडवर रेकॉर्ड केलेला आवाज आला. स्पष्ट आहे, कधी दुखत नाही. दीड वर्षापूर्वी अण्णा गेले. जेवून उठले, छातीत कळ आली, एवढंच झालं. मी गावी भेटायला गेले तेव्हा वहिनींनी मला उजेडाकडं तोंड करून बसवलं आणि तासभर स्टँडवरच्या गोष्टी सांगायला लावल्या.

मी त्यांना अण्णांच्या नोकरीतल्या शेवटच्या दिवसाची गोष्ट सांगितली. ती त्यांना माहीत होतीच, पण माझ्या तोंडून पुन्हा हवी होती. त्या दिवशी अण्णांनी वहिनींना स्टँडवर आणलं होतं. इतक्या वर्षांत त्यांनी अण्णांना पुकारताना कधी बघितलं नव्हतं. ऐकू येत नाही तर जायचं कशाला, असं त्यांना वाटायचं. त्या केबिनच्या बाहेर, काचेला जवळजवळ नाक लावून उभ्या राहिल्या. अण्णा आत बसून एकेक गाडी पुकारत होते आणि मधून मधून काचेकडं बघत होते. फलाटावर गर्दी, इंजिनांचा आवाज, एका कर्ण्याची खरखर. एका माणसाला काही कळलं नाही. त्यानं जवळ उभ्या असलेल्या वहिनींच्या पुढ्यात येऊन विचारलं, "काय म्हणाले ओ? नातेपुते कुठं लागली?"

वहिनींनी त्याच्या तोंडाकडं बघितलं, मग काचेतून अण्णांकडं. अण्णा दुसऱ्यांदा पुकारत होते. त्यांचं संपेपर्यंत त्या थांबल्या आणि वळून त्या माणसाला म्हणाल्या, "चार नंबरला. जा सावकाश, अजून दहा मिनिटं आहेत."