निळं जंगल

चाळीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या परीकथांना चित्रं काढली. लेखकाने "राक्षस भयंकर होता" एवढं लिहून हात झटकायचे आणि त्याला किती दात, कानात केस आहेत की नाहीत, हे हिने ठरवायचं. म्हातारपणी मात्र तिने एक गोष्ट स्वतःच्या शब्दांत लिहायला घेतली. आत्या लहानपणी सांगायची ती, माणसांच्या सावल्या गोळा करणाऱ्या राक्षसाची. आत्याच्या गोष्टीत राजपुत्र सावली सोडवून आणायचा. हिने राजपुत्राला रजा दिली आणि मुलीलाच जंगलात पाठवलं. अठरा चित्रांपैकी बारा झाली होती. महिनाअखेर सगळी द्यायची, नाहीतर काम दुसऱ्याकडे जाईल, असं प्रकाशकाने गोड आवाजात बजावलं होतं.

बारा चित्रं घेऊन ती छापखान्यात गेली. तिथला मशीनवाला तिची पुस्तकं पंचवीस वर्षं छापत आला होता. तो तिला ताई म्हणायचा, ती त्याला भाऊ. सून सोबत होती, कारण पायऱ्या उतरताना सासूबाई अलीकडे चाचपडायच्या आणि कोणी विचारलं तर पायरी करणाऱ्या गवंड्याचा उद्धार करायच्या.

मशीनवाल्याने चित्रं खिडकीपाशी मांडली. मग कपाटातून तिचंच जुनं पुस्तक काढून जंगलाचं पान शेजारी ठेवलं.

"काय दिसतं, ताई?"

"जुनं जरा पिवळं पडलंय. कागद हलका वापरला होतात."

"कपाटात बंद होतं, पिवळं पडलेलं नाही. तुम्ही बघा हो," तो सुनेला म्हणाला.

सून आधी चुळबुळली. "आई, जुन्यातलं जंगल हिरवं आहे. नव्यातलं निळं आहे. अगदी निळं."

"रंग मला शिकवू नका."

"मागची दोन पुस्तकंही अशीच आली होती," मशीनवाला म्हणाला. "मी मशीनवर निळी शाई कमी केली आणि गप्प बसलो. पण या वेळचा निळा शाईने आवरायचा नाही. डोळे दाखवा, ताई. माझ्या आईला मोतीबिंदू होता. तिला सगळं चहातून बघितल्यासारखं दिसायचं."

"माझ्या चित्राला हात लावलात? मला न विचारता?"

"लावला. चुकलंच."

त्याने कबूल केल्यामुळे भांडताही येईना. ती तडक बाहेर पडली आणि रस्ताभर सुनेशी बोलली नाही.

घरी येऊन टेबल आवरायला बसली. राग आला की ती टेबल आवरायची, म्हणून ते वर्षातून चारपाचदा स्वच्छ असे. कचऱ्याच्या डब्यात निळ्या रंगाच्या नऊ नळ्या निघाल्या, शेवटच्या थेंबापर्यंत पिळलेल्या. पिवळ्याची टेबलावर एकच, आणि तीही अर्धी भरलेली. हातच्या काकणाला आरसा कशाला? पिवळ्या पडलेल्या डोळ्यांना जंगल हिरवं दिसेपर्यंत ती बिचारी त्यात निळा ओतत बसली होती.

"उद्या डॉक्टरकडे जाऊ," ती सुनेला म्हणाली. "आणि मान हलवत उभी राहू नकोस, मी घाबरलेली आहे."

घाबरायचं कारण तिने कोणाला सांगितलं नाही. डोळ्यात सुरी जाणार आणि नंतर रंगच हरवले तर? राक्षसाच्या गुहेत नेलेल्या त्या मुलीला तिथेच सोडून यायचं?

मोतीबिंदूच निघाला, आणि आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली तेव्हा तिने पहिल्यांदा डॉक्टरीणबाईंचा कोट पाहिला. इतका पांढरा पांढरा रंग ती विसरूनच गेली होती. घरी आल्या आल्या तिने बारा चित्रं मागवली, डावा डोळा हाताने झाकला आणि बघत राहिली.

"अगं, ही पोर काय आठ दिवस विहिरीत पडली होती?"

सुनेने तोंडाला पदर लावला. मग दोघी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. डॉक्टरीणबाईंनी ते पाणी मना केलं होतं.

दोन चित्रं राखली, राक्षसाच्या गुहेतली. तिथे निळा शोभत होता. दहा नव्याने काढायची, सहा बाकी, आणि महिनाअखेर तर उलटून गेली होती. तिने भीत भीत प्रकाशकाला फोन लावला.

"चालेल, सावकाश द्या," तो कुरकुरला. "नाहीतरी छापखान्याचं मशीन खोललंय म्हणे. तीन महिने काही छापायचं नाही."

ती लगेच छापखान्यात फोन करून मोकळी झाली. मागे मशीनची धडधड स्वच्छ ऐकू येत होती.

"भाऊ, मशीन खोललंय ना?"

"खोललंय की," तो त्या धडधडीवर ओरडून म्हणाला. "तुम्ही रंगवा निवांत."

बोलायचं बरंच होतं. "बरं," म्हणून तिने फोन ठेवला.

पुस्तक तयार झालं तेव्हा मुखपृष्ठामागच्या पानावर तिच्या नावाखाली मशीनवाल्याचं नाव छापायचं, असा तिने हट्ट धरला. त्याने ते मुंगीएवढ्या अक्षरांत टाकून प्रूफ पाठवलं. तिने लाल पेन्सिलीने नावाभोवती गोल काढला, शेजारी लिहिलं, "माझ्या नावाएवढं करा. मला आता सगळं दिसतं," आणि प्रूफ परत धाडलं.