खिंडीचं फुकट

गाडीत बसण्याआधी ते चपला काढायचे. एकमेकींवर आपटून धूळ झाडायची, सीटखाली सारायच्या, उजवा तळपाय डाव्या पोटरीवर पुसायचा आणि मगच तो ॲक्सिलरेटरवर ठेवायचा. पावसाळा असो की मार्गशीर्षातली थंडी, यात कधी फरक पडला नाही. नव्या कोणी विचारलं, "काका, अनवाणी का?" तर ठरलेलं उत्तर मिळायचं, "चपलेला काय कळतंय? डिझेल किती गेलं ते पायालाच कळतं."

मी तेव्हा रोह्याच्या एका कंपनीत हिशेब विभागात होते. राहायला पेणला. आम्हा पाच जणांना न्यायला-आणायला कंपनीनं भाड्याची जीप लावली होती आणि त्या जीपवर हे काका. जीप त्यांची नव्हे, पेणच्या एका शेठची. पण शेठ गाडीला हात लावायचा तोही काकांना विचारून, असं आमचे टाइमकीपर ठाकूर म्हणायचे. ठाकूर पुढे, काकांच्या डाव्या हाताला बसायचे. ती जागा दुसऱ्या कोणी घेतलेली काकांना खपायची नाही.

तुम्हीही असा ड्रायव्हर कुठेतरी पाहिला असेल. त्या काळात नवी-जुनी कुठलीही गाडी दिसली की लोक तिचं रूप बघण्याआधी विचारायचे, "किती देते?" म्हणजे लिटरमागे किती किलोमीटर. रोज सकाळी ठाकूर बसता बसता हाच प्रश्न टाकायचे आणि काका रोज चिडायचे.

"गाडी काय देनार, ठाकूर? गाडी देत नाय. पाय देतो."

पायाची ही मिजास आम्ही रोज सोसायचो. वडखळच्या नाक्यावर पुढे ट्रक तुंबलेले दिसले की काका लांबूनच पाय उचलायचे. गाडी रांगत रांगत जायची, मागचे हॉर्न वाजवून बेजार व्हायचे, रिक्षासुद्धा पुढे निघून जायच्या, पण काकांचा पाय ब्रेककडे वळायचा नाही. "ब्रेक मारला म्हंजे डिझेल रस्त्यावर ओतलं," हे त्यांचं वेदवाक्य. मला उशीर झाला की मी मागून करवादायची. मला उशिरा पोचणं आवडत नाही, आजही नाही. काका आरशातून बघायचे आणि म्हणायचे, "बाय, कंपनी काय पलून जात नाय."

पण खिंड आली की मीही गप्प व्हायची. नागोठणं सोडून रोह्याकडे वळलं की भिसे खिंड लागते. चढ संपला की काका गियर काढायचे आणि इंजिन बंद करायचे. त्या खडखडणाऱ्या जीपमध्ये एकदम शांतता व्हायची. वाऱ्याचा आवाज, टायरचा आवाज, झाडीतला एखादा पक्षी. गाडी आपल्या वजनानं उतरत राहायची आणि काका नुसते स्टिअरिंग धरून बसायचे, चेहऱ्यावर देवळात बसल्यासारखा भाव. वळणावर हलका ब्रेक, पुन्हा सोड. उतार संपत आला की गियर टाकून क्लच सोडायचे, जीप धक्का देऊन पुन्हा सुरू.

"खिंडीचं फुकट हाय. घ्या," ते म्हणायचे. जणू प्रसादच वाटतायत.

ठाकूर आपले विनोद त्या शांततेसाठी राखून ठेवायचे. इंजिन चालू असताना त्यांचं कोणाला ऐकू जायचं नाही, म्हणून खिंडीत सांगायचे. बहुतेक विनोद जुनेच असायचे. सगळ्यात आधी काका हसायचे.

काका पेणजवळच्या खाडीकाठच्या गावचे. वडील मिठागरात राबलेले, घरची थोडी भातशेतीही होती. एका उधाणात बांध फुटला, खारं पाणी शेतात शिरलं आणि ती जमीन भाताला मुकली. तेव्हापासून घर त्यांच्या एका पगारावर. काकी, नवरा गेल्यामुळे माहेरी परतलेली मुलगी आणि तिचं लहान मूल, अशी खाणारी माणसं. याचं रडगाणं मात्र त्यांनी कधी गायलं नाही. उन्हाळा सरताना ते आमच्या प्रत्येकाच्या घरी जाड्या मिठाची एकेक पिशवी द्यायचे. माझी आई त्याच मिठानं लोणचं घालायची. मला तो माणूस फार आवडायचा, हे आज सरळ लिहून टाकते. तेव्हा मी नुसतीच करवादायची.

मग शेठनं जुनी जीप विकली आणि नवी गाडी आणली. बंद काचांची, जीपपेक्षा आटोपशीर पण ऐटबाज. पहिल्या दिवशी पेणच्या स्टँडवर ती बघायला माणसं गोळा झाली आणि अर्थातच सगळ्यांनी विचारलं, किती देते. ठाकूर सीटवर दोनदा उड्या मारून म्हणाले, आमच्या लग्नातली गादीसुद्धा अशी नव्हती. खड्ड्यातून गेलं तरी पाठीला कळत नव्हतं. स्टिअरिंग एका बोटानं फिरत होतं. मला मात्र बंद काचांत मळमळायला लागलं.

"काका, तुम्हाला कशी वाटते?" मी विचारलं.

"बरी हाय." त्यांनी स्टिअरिंगवरून हात फिरवला. "पन बोलत नाय, बाय. जुनी कशी, पायाला सगलं सांगायची. ही गप बसलीय."

आणि ती द्यायचीही कमी. थंड हवेचं यंत्र न लावता, काचा उघड्या ठेवून, वडखळला नेहमीसारखं रांगूनही ती जुन्या जीपपेक्षा कमीच देत होती. काका हैराण झाले. खिंडीत ते इंजिन बंद करत नव्हते, कारण नव्या गाडीची चावी सारखी फिरवायची नाही अशी शेठची ताकीद होती. गाडी खिंड उतरायची ती गुरगुरत. ठाकुरांचे विनोदही बंद पडले.

एका संध्याकाळी पेणला उतरताना शेठ स्टँडवर उभाच होता. आमच्यादेखतच तो बोलला.

"काका, गाडी जास्त पितेय. पुढच्या महिन्यात सुधारलं नाही तर नव्या गाडीला नवा माणूस बघतो. जुनी असती तर तुम्हाला तीच ठेवली असती. आता जुनी कुठाय?"

काका वाकले. सीटखालून चपला काढल्या आणि हातात धरून तसेच उभे राहिले. त्या वयाच्या माणसाला दुसरा कोण गाडी देणार होता? ठाकूर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पाय आहे ना तुमचा? मग?" मला वाटतं, त्या वाक्यानं काकांना धीर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिंडीचा चढ संपला आणि काकांनी गियर काढला. चावी फिरली. इंजिन थांबलं. काचा उघड्याच होत्या, वारा आत आला, आणि ठाकूर जवळजवळ ओरडलेच, "आली! खिंड परत आली!"

"घ्या," काका म्हणाले. किती दिवसांनी ते हसले होते.

ठाकुरांनी विनोद सुरू केला. पहिल्या वळणावर काकांनी हलका ब्रेक दाबला, सोडला. दुसऱ्यावर पुन्हा. गाडी माणसांनी भरलेली, वेग वाढत होता. पुढच्या वळणापलीकडे खडी भरलेला ट्रक बंद पडून रस्त्यातच उभा होता. काकांचा पाय ब्रेकवर गेला आणि मी त्यांची मान ताठ झालेली पाहिली. ते सीटवरून उठून सगळ्या अंगाचा भार पायावर टाकत होते. गाडीला त्याचं काही नव्हतं.

"बाय, धरा!" एवढंच ते म्हणाले, आणि स्टिअरिंग उजवीकडे ओढलं.

ट्रकचा कोपरा डाव्या बाजूनं आत शिरला. मागे बसलेल्या आम्हा चौघांना लागलं, कोणाला कमी, कोणाला जास्त. काकांच्या कपाळाला खोक पडली. ठाकूर जागीच गेले. तो विनोद कुठला होता, मला आठवत नाही. आठवायचा मी फार प्रयत्न केला.

स्टँडवर लोक म्हणाले, ड्रायव्हर प्यायलेला असणार. काकांनी उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता. शेठनं सुचवलं, ब्रेक फेल झाला म्हणून सांगा, सगळं निभेल. गाडी ओढून नेली त्या गॅरेजमध्ये काका डोक्याला पट्टी बांधलेले तसेच गेले होते. मीही तिथे होते, माझी डब्याची पिशवी गाडीत राहिली होती. मिस्त्रीनं त्यांना समजावलं की या गाडीच्या ब्रेकला इंजिनाचा जोर लागतो. इंजिन बंद असलं की एकदा-दोनदा ब्रेक लागतो, मग पेडल दगडासारखं होतं.

"जुन्या जीपला असं नव्हतं," काका म्हणाले.

"जुनीला नव्हतंच काका."

"म्हंजे चालू असती तर?"

मिस्त्रीनं हातातला पाना खाली ठेवला. "चालू असती तर लागला असता."

पोलिसांना काकांनी सरळ सांगितलं, इंजिन मीच बंद केलं होतं. शेठनं त्यांना कामावरून काढलं, लायसन गेलं, रोह्याच्या कोर्टात केस उभी राहिली. मुलगी मासळी घेऊन पेणच्या बाजारात बसायला लागली. मी एकदा तिच्याकडून बोंबील घेतले, तिनं मला ओळखलं नाही, मीही ओळख दिली नाही. मिठाच्या पिशव्या मात्र त्या उन्हाळ्यातही आल्या, मुलीच्याच हातून, आमच्याकडे आणि ठाकुरांकडेही. ठाकूरवहिनींनी त्यांची पिशवी आत घेतली नाही, परतही केली नाही. पाऊस लागल्यावर ती पायरीवर पाझरत राहिली.

कंपनीनं पुढे गाडीच बंद केली आणि मी एसटीनं जायला लागले. एका सकाळी पेणलाच काका एसटीत चढले. पार वाळले होते. माझ्या शेजारची जागा रिकामी होती.

"बाय, बरी हायस ना?"

"बरी आहे काका. कुठे?"

"तारीख हाय."

नागोठणं मागे पडलं. खिंडीचा चढ लागला तेव्हा ते वाकले, चपला काढल्या, एकमेकींवर आपटल्या आणि सीटखाली सारल्या. उजवा तळपाय पोटरीवर पुसला. चढ संपला. एसटीचा ड्रायव्हर खालच्या गियरमध्येच उतरायला लागला, इंजिन बोंबलत होतं, प्रत्येक वळणावर ब्रेक करकरत होता. काका समोरच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसले होते आणि त्यांचा अनवाणी पाय खालच्या पत्र्यावर दाबलेला होता. मला काय करावं कळेना, मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"मानूस बरा हाय," ते ड्रायव्हरकडे बघत म्हणाले. "चालू ठेवलीय त्यानं."

पुढच्या वळणावर एसटीनं पुन्हा जोरात ब्रेक मारला. पूर्वीच्या काकांनी त्या माणसाचा उद्धार केला असता.

"ओतू दे," ते म्हणाले. "ओतू दे, बाबा. सगलं ओतू दे."

उतार संपल्यावरही त्यांनी पाय उचलला नाही. रोहा येईपर्यंत तो तिथेच होता.