केशवरावांची प्रॉम्प्टर

भोपाळच्या मराठी मंडळात केशवरावांच्या पाठांतराचं फार कौतुक. कारखान्यातून निवृत्त झालेला इंजिनिअर, साठी उलटलेली, आणि दर गणेशोत्सवात नाटकात मुख्य भूमिका! खरी गोष्ट अशी की केशवराव संहिता घरी आणत आणि फ्रिजवर ठेवून देत. पाठ व्हायची ती त्यांच्या बायकोला, नलिनीबाईंना. विंगेत स्टुलावर, डावा कान रंगमंचाकडे करून त्या बसत. नट अडणार हे त्यांना त्याच्या ओठांवरून आधीच कळे, आणि वाक्य त्या असं सोडत की नटाला मिळावं, पण पहिल्या रांगेला पत्ता लागू नये.

यंदा त्याच डाव्या कानात शिट्टी वाजायला लागली. त्या कानाला फोन लावला की पलीकडचा माणूस गादीखालून बोलल्यासारखा वाटे. एमआरआय काढला. कवटीच्या आत, कानाच्या नसेवर वाटाण्याएवढी गाठ निघाली.

डॉक्टर त्रिवेदींनी फिल्म उजेडाला धरली आणि केशवरावांकडे बघून म्हणाले, "मैडम को ज़रा बाहर बिठा दीजिए. हम लोग बात कर लेते हैं."

"नलू, बस जरा बाहेर," केशवराव म्हणाले.

नलिनीबाई बाहेर बसल्या. केबिनला काच होती. डॉक्टर पाठमोरे होते, पण नवऱ्याचं तोंड समोर होतं, आणि ते तोंड त्यांनी जन्मभर विंगेतून वाचलेलं. डॉक्टरांनी स्वतःच्या कानाला बोट लावलं आणि गेला म्हणून हात उडवला. केशवरावांचे ओठ हलले.

"जाने दीजिए. घर में ही तो रहती हैं."

वाचताना एक अक्षर चुकलं नव्हतं.

कोलार रोडवरच्या घरी परतताना नलिनीबाईंनी विचारलं, "काय म्हणाले?"

"काही नाही गं. साधी गाठ, कॅन्सर-बिन्सर नाही. विसर्जन झालं की काढून टाकू."

"आणि कान?"

"कानाला काय होतंय? ठणठणीत!"

नलिनीबाई गाडीच्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. गाठीपेक्षा जास्त टोचत होतं ते 'घर में ही'. माझा कान, आणि टाळ्या घेणाऱ्या माणसानं तो दान करून टाकला! भांडायचं? भांडण तर तो जिंकणारच, आवाज मोठा. नाही. उत्तर द्यायचं ते त्याच्या टाळ्यांच्या जागीच द्यायचं.

घरी पोचल्यावर त्यांनी भरली वांगी केली. केशवरावांनी दोनदा मागून घेतली. "आज भट्टी काय जमलीय तुझी!"

"जमलीय खरी," नलिनीबाई म्हणाल्या.

नाटक अरेरा कॉलनीतल्या हॉलमध्ये होतं. केशवराव मुलीचं लग्न परस्पर ठरवणाऱ्या बापाच्या भूमिकेत, मुलगी झालेली जुई, मंडळातलीच. पहिला अंक नलिनीबाईंनी लोण्यासारखा पार पाडला. केशवरावांना हशे मिळाले, टाळ्या मिळाल्या. मग दुसरा अंक आला आणि बापाचं लांबलचक भाषण आलं. जुई पुढे आली.

"बाबा, तुम्ही मला विचारलंत?"

केशवरावांनी छाती फुगवली, उपरणं सारखं केलं आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून विंगेकडे पाहिलं.

नलिनीबाईंनी संहिता मिटून मांडीवर ठेवली. वर टॉर्च ठेवला, विझवून.

केशवरावांचे ओठ कोरडे पडून अर्धवट उघडले. नलिनीबाई त्या ओठांकडे बघत राहिल्या. वाक्य जिभेवर होतं, पुढचंही होतं, सबंध भाषण होतं. त्यांनी ते गोड खडीसाखरेसारखं तोंडात घोळवलं.

"नलू…" केशवराव न हलता पुटपुटले. "नलू, वाक्य!"

"बाबा, काही बोलायचंय का तुम्हाला?" जुईनं सावरून घ्यायला पदरचं घातलं.

मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "केशवराव, नेटवर्क गेलं का?"

हॉलमध्ये हशा फुटला. केशवराव घामाघूम होऊन एकदा हसले, एकदा खोकले, आणि शेवटी म्हणाले, "मी… विचार करून सांगतो." असं म्हणत चक्क विंगेत निघून आले. पडदा पाडावा लागला.

"बरं वाटत नाहीये का तुला?" रंगपटात ते म्हणाले. "अब्रू गेली माझी! सगळ्यांसमोर!"

"जाने दीजिए," नलिनीबाई शांतपणे म्हणाल्या. "घर में ही तो रहती हैं."

केशवरावांच्या तोंडावरचा रंग होता तिथेच राहिला, खालचा उतरला.

"तुला… कसं…? अगं, गाठ म्हटल्यावर मला दुसरं काही सुचलंच नाही. वाटलं, कान गेला तर गेला, तू राहशील…"

"मग हे मला सांगायचं. माझं वाक्य तुम्ही बोललात. आज तुमचं मी गिळलं."

पुढच्या भेटीला डॉक्टर सवयीनं म्हणाले, "सर, मैडम को ज़रा…"

केशवरावांनी तोंड उघडलं. नलिनीबाईंनी नुसतं पाहिलं. ते मिटलं.

"आज साहब बाहर बैठेंगे," त्या म्हणाल्या.

दार लागल्यावर त्यांनी विचारलं, "ऑपरेशनच का? आणि आत्ताच का?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. मग सांगायला लागले. अशा गाठी हळू वाढतात, काही वाढतच नाहीत. सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय करून बघता येतं. वाढली तर किरणांचा उपाय आहे, ऑपरेशन आहे. आपण ठरवलेल्या ऑपरेशनमध्ये त्या बाजूचं ऐकू येणं जातंच. थांबलं तर काही काळ टिकेल, पण तेही कमी होऊ शकतं, हमी नाही.

"जितना रहेगा, उतना मेरा. मैं रुकूँगी."

"आपने पहले बताया नहीं कि कान इतना ज़रूरी है."

"आपने पहले बाहर बिठाया था."

डॉक्टर फाइलवर लिहू लागले. नलिनीबाईंनी काचेकडे पाहिलं. बाहेर केशवराव मान पुढे काढून त्यांच्या ओठांकडे टक लावून बसले होते, काहीतरी कळेल म्हणून. नलिनीबाईंनी खुर्ची उचलली, फिरवली आणि काचेला पाठ करून बसल्या. उरलेले सगळे प्रश्न तसेच विचारले, सावकाश.

बाहेर आल्यावर केशवराव ताडकन उठले.

"काय ठरलं, नलू? काय म्हणाले?"

"काही नाही हो," नलिनीबाई पर्स खांद्याला लावत म्हणाल्या. "ठणठणीत!"

आणि लिफ्टकडे चालू लागल्या. मिसरोदला राहणारी नणंद फोन करील तेव्हा सांगू तिला काय ठरलं ते. तिच्याकडून कळेल त्यांना.