वाघरीतला लांडगा

बारामतीजवळ जळोचीतल्या माझ्या घरामागं काल कामगार तारेची जाळी ठोकत होते, आणि तिच्याकडं बघता बघता मला नव्वदच्या दशकातली एक दुपार आठवली.

मी तेव्हा बारामतीला कॉलेजात होते. इंदापूरकडच्या माळावर तात्यांची, म्हणजे माझ्या वडिलांची, मेंढरं बसली होती. मी भाकरी घेऊन गेले आणि पुस्तकातला एक जुना फोटो त्यांना दाखवला. जाळीमागं उभा, पाठीवर पट्टे, तोंड लांडग्याचं. असा प्राणी आता जगात उरलेला नाही.

तात्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरला. त्यांना ती वाघर वाटली; मेंढरं रात्री कोंडायची आमची जाळी.

"लांडगा वाघरीच्या आत कसा? आन् मेंढरं कुठं हाईत?"

"मेंढरं न्हाईत, तात्या. ह्यो त्यांच्यातला शेवटचा, म्हणून आत ठेवलाय."

"मग वाघर कुणाच्या भ्यानं?"

मी हसले, पिंजरा म्हणजे काय ते समजावायला लागले आणि मधेच फोटो पुन्हा बघायला घेतला.

आता तात्या नाहीत, त्या माळावर मेंढरंही नाहीत, लांडगाही नाही.

जाळीवाल्यानं हाक मारली, "ताई, जाळीच्या दाराची कडी आतनं लावू का भायेरनं?"

मी आधी बघितलं, मी जाळीच्या आत उभी होते की बाहेर.